आधी ऋण, मग रिक्थ

एखादी व्यक्ती मरण पावल्यावर तिची मालकी नेमकी कोठे जाते, हा प्रश्न आज दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयात अर्ज, शपथपत्र आणि न्यायालयीन शुल्क यांच्या भाषेत विचारला जात असला, तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे. मालकीला शास्त्रकार स्वत्व म्हणतात. स्वत्वाला स्वामी लागतो, आणि स्वामीच नाहीसा झाला तर त्याचे शेत, घर, दागिने आणि येणी ही सारी क्षणभर का होईना कोणाचीच नसतात की काय, अशी शंका उभी राहते. ही नुसती तर्कक्रीडा नव्हे. कोणाचीच नसलेली वस्तू जो प्रथम उचलेल त्याची होते असे मानले, तर सुतकातल्या घरातील लूटही न्याय्य ठरेल. म्हणून प्रत्येक परंपरेला या रिकाम्या क्षणाची काहीतरी व्यवस्था लावावी लागली, आणि ती लावताना मृत माणूस म्हणजे कोण याविषयीची तिची समजूत उघड झाली.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, होऊन गेला. त्याने असा रिकामा क्षण मुळात येतच नाही अशी मांडणी केली: वडिलांच्या आणि आजोबांच्या धनावर पुत्राचे स्वत्व जन्मतःच उत्पन्न होते, त्यामुळे पित्याच्या मृत्यूने पुत्राला नवे काही मिळत नाही, जे आधीपासून समाईक होते त्यातला एक स्वामी फक्त कमी होतो. अशा धनाला त्याने 'अप्रतिबंध दाय' म्हटले, म्हणजे जे मिळण्याच्या आड कोणाचे जिवंत असणे येत नाही असे वारसाधन. उलट निपुत्रिक भाऊ किंवा चुलता यांचे धन त्यांच्या हयातीमुळे अडलेले असते, म्हणून ते 'सप्रतिबंध दाय'. बंगालमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या 'दायभाग' या ग्रंथाचा कर्ता जीमूतवाहन याला हे मान्य नव्हते. त्याच्या मते पूर्वस्वामीचे स्वत्व संपल्यावरच वारसाचे स्वत्व उत्पन्न होते, आणि ते संपण्याची कारणे मृत्यूबरोबरच पातित्य व संन्यास हीसुद्धा आहेत. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतःच करतो आणि घराच्या हिशेबापुरता मृत होतो, याचा हा विधिशास्त्रीय अर्थ होय. श्वास चालू असूनही स्वामी संपू शकतो हे ज्या परंपरेने सहज मानले, तिला श्वास थांबल्यावरही स्वामीचे काहीतरी उरते असे मानण्यात अडचण वाटली नाही.

दोघांमधला भेद वारस कोण, या प्रश्नावर अधिक तीव्र होतो. 'सपिंड' म्हणजे पिंडाने जोडलेला नातेवाईक. परंतु पिंड म्हणजे शरीर असे विज्ञानेश्वर घेतो आणि एकाच पूर्वजाच्या शरीराचे अवयव ज्यांच्यात उतरले आहेत ते सपिंड मानतो, तर जीमूतवाहन श्राद्धातील भाताचा पिंड डोळ्यांसमोर ठेवतो आणि मृताला पिंडदानाने जो अधिक उपकारक ठरेल त्याचा वारसाहक्क अधिक बळकट समजतो. पहिल्या मतात वारसा हे रक्ताचे वास्तव आहे, दुसऱ्यात तो परलोकातील उपकाराचा मोबदला आहे. दुसरे मत अधिक धार्मिक वाटते खरे, पण त्यात एक व्यापारी छटाही आहे, आणि महाराष्ट्राने मिताक्षरेचा मार्ग धरला हे बरेच झाले असे म्हणावेसे वाटते. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण येथे नीलकंठभट्टाच्या सतराव्या शतकातील 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला काही बाबतींत मिताक्षरेहूनही अधिक मान मिळाला. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि ते स्वतः मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत होते. शास्त्र आणि कोर्टकचेरी यांच्यातील अंतर या प्रांतात किती थोडे होते, हे त्यावरून कळते.

मिताक्षरेतील आणखी एक वाद आजच्या विषयाला अगदी जवळचा आहे. स्वत्व हे केवळ शास्त्रानेच कळते की ते लौकिक आहे, म्हणजे लोकव्यवहारातूनच सिद्ध होते, असा तो वाद होय. शास्त्रवाद्यांचा आक्षेप असा होता की, स्वत्व लौकिक मानले तर चोराच्या हातातील वस्तू चोराचीच म्हणावी लागेल. विज्ञानेश्वर याला बधत नाही. तांदूळ जसा भूक भागवण्याच्या लौकिक कामी येतो तसेच स्वत्वही खरेदी-विक्रीच्या लौकिक कामी येते, यज्ञातील आहवनीय अग्नीसारखे ते केवळ शास्त्राच्या कामी येत नाही, असे तो सांगतो. शिवाय सीमेपलीकडच्या, शास्त्राचा गंधही नसलेल्या लोकांतही हे माझे, ते तुझे असा व्यवहार चालतोच, याकडे तो बोट दाखवतो. धर्मग्रंथावर टीका लिहिणाऱ्या संन्याशाने, कारण विज्ञानेश्वराला परंपरा संन्यासी मानते, मालकीला धर्माच्या कक्षेबाहेर ठेवावे ही लहानसहान गोष्ट नाही. मृताची मालमत्ता कोणाची, हे ठरवण्यासाठी त्याच्या आत्म्याच्या गतीचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

तरीही मृताविषयीची धार्मिक जबाबदारी याच शास्त्रात दुसऱ्या दाराने आत येते, आणि ते दार ऋणाचे आहे. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो ही कल्पना वैदिक वाङ्मयाइतकी जुनी आहे. स्मृतिकारांनी तिच्या शेजारी सावकाराचे रोकड ऋण आणून बसवले. माता-पित्यांच्या पश्चात पुत्रांनी 'रिक्थ', म्हणजे मागे राहिलेले धन, आणि ऋण ही दोन्ही सारखी वाटून घ्यावीत असे याज्ञवल्क्य एकाच विधानात सांगतो, आणि जो रिक्थ घेतो त्याच्याकडूनच कर्ज वसूल करावे असाही नियम देतो. बृहस्पतीने पिढ्यांची उतरंड लावली: वडिलांचे कर्ज मुलाने स्वतःच्या कर्जाप्रमाणे व्याजासह फेडावे, आजोबांचे कर्ज नातवाने मुद्दलापुरते द्यावे, पणतूवर मात्र बंधन नाही. दारू, जुगार आणि कामवासना यांपायी झालेले कर्ज, दंडाची बाकी आणि वायफळ देण्याची वचने यांतून पुत्राला मोकळे केले गेले, कारण बापाच्या व्यसनाचा भार मुलाच्या धर्मावर टाकणे स्मृतिकारांनाही रुचले नसावे.

या धार्मिक बंधनाला इंग्रजी अमदानीत कोर्टाचे दात बसले, तेव्हा त्याचे स्वरूप कठोर झाले. मुंबई इलाख्यात वारसाच्या हाती किती मालमत्ता आली याचा विचार न करता त्याला बापाच्या कर्जासाठी जबाबदार धरले जाई. ते थांबवण्यासाठी १८६६ मध्ये हिंदू वारसांना दिलासा देणारा खास मुंबई कायदा करावा लागला आणि जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती सीमित झाली. पुढे हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने केवळ पुत्रधर्माच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून नवे कर्ज वसूल करण्याचा सावकाराचा मार्गच बंद झाला. याच दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील जन्मसिद्ध हिस्सेदार, केले. विज्ञानेश्वराचे जन्मस्वत्वाचे तत्त्व नऊशे वर्षांनी मुलींपर्यंत पोहोचले आणि त्याच कलमात पितृऋणाचे बंधन गळून पडले. हक्क वाढला तेव्हाच भार हलका झाला, हा योगायोग धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला थोडा खटकल्याशिवाय राहत नाही.

मृत्युपत्र, म्हणजे मृत्यूनंतर आपल्या मालमत्तेचे काय व्हावे याविषयीचे लेखी इच्छापत्र, प्राचीन धर्मशास्त्राला स्वतंत्र संस्था म्हणून ठाऊक नव्हते. जेथे पुत्राचा हक्क जन्मानेच उभा आहे तेथे पित्याच्या इच्छेला वावच थोडा होता. त्यातल्या त्यात जवळ जाणारे वचन स्मृतिकार कात्यायनाचे आहे: धर्मकार्यासाठी देण्याचे कोणी, तो निरोगी असो वा आजारी, जाहीर केले आणि ते न देताच तो मेला, तर त्याच्या पुत्राकडून ते देववावे. येथे मृताची इच्छा पाळली जाते, पण ती इच्छा म्हणून नव्हे. वचन दिल्याने ती ऋण झालेली असते आणि पुत्र जसा सावकाराला बांधलेला तसाच या वचनालाही बांधलेला असतो. मेलेल्या माणसाला आज्ञा करण्याचा अधिकार नाही, मात्र त्याने जिवंतपणी पत्करलेली देणी त्याच्यामागे उरतात, अशी ही भूमिका दिसते, आणि मृत्युपत्राच्या आधुनिक कायद्यातील बऱ्याच गोष्टी तिच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतात.

इस्लामी विधिशास्त्राने हाच क्रम अधिक काटेकोरपणे बांधला. मृताच्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्जे, त्यानंतर 'वसीयत', म्हणजे मृताने केलेली देणगी, आणि शेवटी कुराणाच्या चौथ्या सूरेत ठरवून दिलेले वारसांचे हिस्से असा तो क्रम आहे. त्या सूरेच्या आयतींत वसीयतीचा उल्लेख कर्जाच्या आधी येतो, तरी फकीहांनी, म्हणजे विधिपंडितांनी, कर्जाला अग्रक्रम दिला. देणगी विसरली जाण्याचा धोका अधिक, म्हणून तिचा उच्चार आधी झाला, असे त्यावरचे एक प्रसिद्ध स्पष्टीकरण आहे. एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज पढवायला पैगंबरांनी नकार दिला आणि एका सहकाऱ्याने ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच ती पढवली, असे हदीसमध्ये सांगितले आहे. वसीयतीला मर्यादाही आहे: देणी भागल्यावर उरलेल्या मालमत्तेच्या एकतृतीयांशापलीकडे ती वारसांच्या संमतीशिवाय जाऊ शकत नाही, आणि सुन्नी मतानुसार एखाद्या वारसालाच अधिक देणारी वसीयत इतर वारसांच्या संमतीविना चालत नाही. माणसाचा शब्द त्याच्या पश्चात एका हिश्श्यापुरता जिवंत राहतो, उरलेले दोन हिस्से ईश्वराच्या वाटणीने जातात.

ख्रिस्ती युरोपने मृताच्या इच्छेला सर्वांत मोठे स्थान दिले, त्यामागेही आत्म्याची चिंता होती. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र हे शेवटच्या पापनिवेदनाच्या शेजारी लिहिले जाई, ते न करता मरणे संशयास्पद मानले जाई, आणि जंगम मालमत्तेविषयीची मृत्युपत्रे प्रमाणित करण्याचा अधिकार बिशपांच्या धर्मन्यायालयांकडे होता. तो १८५७ च्या कायद्याने त्यांच्याकडून काढून घेऊन दिवाणी प्रोबेट न्यायालयाकडे दिला गेला. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ याने तर १६६७ मध्ये, विशीत असतानाच, असा युक्तिवाद केला की आत्मा अमर नसेल तर मृत्युपत्राला शुद्ध न्यायाच्या दृष्टीने काहीच किंमत उरणार नाही. मृत व्यक्ती अजून अस्तित्वात असते म्हणून ती मालकच राहते आणि वारस हे तिच्या वतीने काम पाहणारे मुखत्यार असतात. हा युक्तिवाद कल्पक आहे, पण त्याने सिद्ध होते ते फार होते: अमर आत्मा जर कायमचा मालक असेल, तर कोणतेही शेत पिढ्यान्‌पिढ्या जिवंतांचे कधीच होणार नाही. लाइब्निझच्या आत्म्यांना सातबाऱ्यावरून कमी करण्याची सोय त्याच्या पद्धतीत नाही.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याबद्दल न्यायालयाने आपल्या शिक्क्यानिशी दिलेले प्रमाणपत्र, ही संस्था या चर्चच्या वारशातून भारतात आली. मुंबईत १७२६ च्या सनदेने स्थापन झालेल्या मेयर्स कोर्टाला प्रोबेट देण्याचा अधिकार होता. पुढच्या न्यायालयांमार्फत तो १८६२ मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयाकडे आला आणि आजही त्या न्यायालयाच्या मूळ शाखेत टेस्टामेंटरी विभाग या नावाने हे काम चालते. हिंदूंच्या मृत्युपत्रांचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती झालेल्या आपल्या मुलाला वगळून मोठी मालमत्ता पुतण्याकडे आणि त्यानंतर अजून न जन्मलेल्या पुरुष वारसांच्या मालिकेकडे जावी असे मृत्युपत्र केले. प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये पुतण्याचा हयातीपुरता हक्क मान्य केला, पण न जन्मलेल्यांना दिलेले दान हिंदू विधीनुसार व्यर्थ ठरवले, कारण दान घेणारा चेतन जीव दानाच्या वेळी अस्तित्वात असावा लागतो. मृताला भविष्यावर हवा तितका लांब हात टाकता येत नाही, हे तत्त्व लंडनमधील न्यायाधीशांनी दायभागाच्या आधारे सांगितले. त्याच मृत्युपत्रातील देणगीतून कलकत्ता विद्यापीठात टागोर विधिव्याख्याने सुरू झाली, आणि हिंदू विधीवरील अनेक महत्त्वाचे ग्रंथ त्या व्याख्यानांतून निर्माण झाले.

दरम्यान १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने बंगाल, मद्रास शहर आणि मुंबई शहर येथील हिंदूंना इंग्रजी धाटणीचे मृत्युपत्राचे नियम लागू केले होते. तेच नियम १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात उतरले. म्हणूनच मुंबई शहरातील हिंदू कुटुंबांना मृत्युपत्रावर हक्क सांगण्यासाठी प्रोबेट घेणे दीर्घकाळ बंधनकारक राहिले, तर पुण्या-सांगलीत तशी सक्ती नव्हती. तेथे मृत्युपत्र नसेल तर तलाठ्याकडील वारसनोंद आणि फेरफार, बँकेतील रकमा व रोख्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, किंवा १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळणारा वारस दाखला, या वाटांनी काम भागवले जाते. नामनिर्देशन, ज्याला लोक नॉमिनी लावणे म्हणतात, ते याहून वेगळे आहे. नॉमिनी हा रक्कम वा शेअर स्वीकारून वारसांसाठी सांभाळणारा असतो, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीत २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले; तरीही घराघरांत नॉमिनी म्हणजेच मालक ही समजूत घट्ट आहे आणि भावंडांतले निम्मे गैरसमज तिच्यातूनच उगवतात.

प्रोबेट कार्यालयात प्रत्यक्ष घडते ते फार साधे, आणि म्हणूनच विचार करण्याजोगे आहे. मृत्यूनंतर सात दिवस उलटण्यापूर्वी प्रोबेट देता येत नाही. मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर, म्हणजे मृताच्या इच्छेची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक, मूळ मृत्युपत्र, मालमत्तेची आणि देण्यांची यादी, आणि मृत्युपत्रावर साक्ष घातलेल्या दोघांपैकी निदान एकाचे शपथपत्र घेऊन अर्ज करतो. ज्या वारसांनी संमती दिलेली नाही त्यांना सायटेशन, म्हणजे हरकत असल्यास पुढे या अशी नोटीस, पाठवली जाते. हरकत घेणारा कॅव्हेट दाखल करतो आणि मग साधा अर्ज दाव्यात बदलतो. कार्यालय हे सारे करताना मृताची मालकी खरी होती की नाही, हे तपासत नाही. बापाने वडिलोपार्जित वाडा स्वतःचा समजून थोरल्याला लिहून दिला असेल, तर त्या कागदाला प्रोबेट मिळू शकते आणि तरीही धाकट्याला त्या वाड्यातील हिस्सा वेगळ्या दाव्यात मागता येतो. कार्यालय विचारते ते एवढेच: हा शब्द त्याच माणसाचा आहे का, तो शुद्धीवर होता का, आणि कोणी त्याच्याकडून तो वदवून घेतला नाही ना.

सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात याचे जे विवेचन केले ते न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या लेखणीतून उतरले. साताऱ्याच्या, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यातून आलेल्या या न्यायमूर्तींनी असे दाखवले की, इतर दस्तऐवजांचा कर्ता साक्षीला बोलावता येतो, मृत्युपत्राचा कर्ता मात्र येऊ शकत नाही; म्हणून मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने त्याभोवतीच्या संशयास्पद परिस्थितीचे, उदाहरणार्थ थरथरती सही, जवळच्यांना कारणाशिवाय वगळणे, किंवा ज्याला मोठा लाभ त्यानेच लेखनात पुढाकार घेणे, यांचे निरसन करून न्यायालयाच्या सदसद्विवेकबुद्धीचे समाधान केले पाहिजे. दिवाणी न्यायालयाच्या निकालात सदसद्विवेकबुद्धीचा उल्लेख यावा, यात धर्मन्यायालयाची जुनी सावली आहे असे म्हणता येईल. अनुपस्थित माणसाच्या बाजूने कोणीतरी जागे राहिले पाहिजे, आणि ते काम येथे न्यायाधीशाकडे येते.

प्रोबेट मिळाल्यावर कायदा मृताच्या मालमत्तेचा रिकामा क्षण आपल्या पद्धतीने भरतो. मालमत्ता मृत्यूच्या क्षणापासून एक्झिक्युटरच्या ठायी निहित होते, पण त्याच्या उपभोगासाठी नव्हे. सहा महिन्यांत त्याने मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो. विज्ञानेश्वराचा जन्मस्वामी पुत्र, जीमूतवाहनाचा पिंडदाता आणि लाइब्निझचा मुखत्यार या तिघांचेही काहीतरी या एक्झिक्युटरमध्ये आहे, आणि तिघांपेक्षा तो नम्र आहे, कारण त्याला स्वतःचे असे काही मिळेलच असे नाही. त्याने पैसे देण्याचा क्रमही कायद्याने बांधला आहे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मृताची सेवा केलेले मजूर, कारागीर आणि घरगडी यांचे वेतन, त्यानंतर इतर कर्जे. मृत्युपत्रातील देणग्या सर्व देण्यांनंतर. देणगी वाटायला एक्झिक्युटरला मृत्यूपासून वर्षभर सवड आहे. ज्या कायद्याचा धर्माशी संबंध केव्हाच तुटला असे मानले जाते, तो मृताला देता म्हणून मान देण्यापूर्वी ऋणको म्हणून उभा करतो, आणि सावकारांच्या रांगेत धुणीभांडी करणाऱ्या बाईला पुढे घेतो.

गोव्यात याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या घडणीचे आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा सांगणाऱ्या तेथील कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः समाईक असते, त्यामुळे एकाच्या मृत्यूने वाटणीला येतो तो निम्माच भाग. आणि मुले किंवा आईवडील असतील तर त्या निम्म्यातील अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो. त्यापलीकडच्या भागापुरतीच मृताला मोकळीक आहे. 'इन्व्हेंटरी' नावाच्या कार्यवाहीत, जी २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने नव्याने बांधली, कुटुंबप्रमुख म्हणून नेमलेली व्यक्ती सर्व मालमत्ता आणि देणी न्यायालयापुढे मांडते, वारसांमध्ये आपापसांत बोली लावून वस्तू वाटून घेण्याची सोय असते, आणि शेवटी वाटणीचा तक्ता तयार होतो. येथे मृताची इच्छा सिद्ध करण्यापेक्षा जिवंतांची वाटणी पूर्ण करणे हे कार्यालयाचे मुख्य काम ठरते. मुंबईचे टेस्टामेंटरी कार्यालय कागद खरा ठरवून थांबते; गोव्याची इन्व्हेंटरी घर वाटून मगच थांबते. भांडखोर कुटुंबाला दुसरी पद्धत अधिक उपयोगी पडत असावी, हे मान्य करायला हरकत नाही.

मृताच्या शब्दाला एवढे महत्त्व देण्याविरुद्ध जुना आक्षेप असा की, पृथ्वीचा उपभोग जिवंतांचा आहे आणि मृतांना तिच्यावर सत्ता नाही. अमेरिकन राजकारणी थॉमस जेफरसनने १७८९ मध्ये आपला राजकीय सहकारी मॅडिसन याला लिहिलेल्या पत्रात तो मांडला. आक्षेप बिनतोड आहे, पण तो गृहीत धरतो की मृताचा हात सैल केला की जिवंत मोकळे होतात. महाराष्ट्रातील कुटुंबांत उलटेच घडलेले दिसते. जेथे मृत बापाने काहीही लिहून ठेवलेले नाही आणि कायद्याने मुलीचा हिस्सा भावाइतकाच आहे, तेथे माहेर टिकावे म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि ही सही मृताने नव्हे, जिवंतांनी घेतलेली असते. प्रोबेट कार्यालयातील संमतीची शपथपत्रेही अशाच वातावरणात तयार होऊ शकतात. नोटीस पाठवणे कार्यालयाच्या हाती आहे, नोटीस मिळालेल्या बहिणीला भाऊबिजेची काळजी न करता हरकत घेण्याचे बळ देणे त्याच्या हाती नाही. धर्मशास्त्राने स्त्रीधनाला, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालमत्तेला, वेगळे संरक्षण दिले होते. तरी स्मृतीतील वचन आणि घरातील वहिवाट यांच्यातील हे अंतर त्या काळीही भरलेले होते असे मानण्याला आधार नाही.

कोणीच वारस नसेल तेव्हा सारे प्रश्न उघड्यावर येतात, कारण तेथे प्रेम, लोभ आणि वाद या तिन्हींची सावली नसते. कात्यायनाच्या मते निर्वारस धन राजाकडे जाते, पण मृताच्या आश्रयाला असलेल्या स्त्रिया, त्याचे सेवक आणि त्याचे अंत्यसंस्कार यांची तरतूद बाजूला काढूनच. श्रोत्रिय ब्राह्मणाचे धन मात्र श्रोत्रियांनाच द्यावे असे तो सांगतो, आणि या अपवादात त्याचा काळ स्पष्ट दिसतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हा अपवाद ठेवला नाही. त्याच्या एकोणतिसाव्या कलमानुसार वारस नसलेल्या हिंदूची मालमत्ता सरकारकडे जाते, आणि सरकार ती घेते ते एखाद्या वारसावर जी देणी आणि जबाबदाऱ्या आल्या असत्या त्या सर्वांसह.